बोडीतल्या कासवाची खरी माहिती कशी शोधावी

मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने प्रकल्पाची वही आणून दिली. सुबक अक्षर, रंगीत चित्र, आणि पहिलंच वाक्य: ‘कासव ३०० वर्षे जगते.’ मी विचारलं, “कोणतं कासव?” ती म्हणाली, “कासव म्हंजे कासवच न सर.” तिचे आजोबा मच्छीमार संस्थेचे सभासद. घरामागे बोडी, म्हणजे पाणी साठवायचं छोटं तळं, आणि बोडीत कासवं. ती लहानपणापासून पाहत आलेली. वहीत मात्र त्या कासवांबद्दल एक ओळ नव्हती, आणि चिकटवलेलं चित्र अमेरिकेतल्या एका जातीचं होतं.

चूक तिची नव्हती. ‘कासवाची माहिती’ असं मोबाईलवर शोधलं की जे समोर येतं, ते तिने प्रामाणिकपणे उतरवलं होतं. माहिती कशी पारखायची हे आम्हीच तिला शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रकल्प करणाऱ्या प्रत्येक मुलाला एक प्रश्न देतो: हे कोणाला कळलं, आणि कसं कळलं? पुढचं सगळं त्या प्रश्नाभोवतीच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या तलावांच्या भागात राहणाऱ्या मुलांसाठी, पालकांसाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. वर्धा, यवतमाळ किंवा अमरावतीकडच्या मुलांनी तलावाच्या जागी आपली नदी किंवा धरण धरावं.

आधी कासव ठरवा

‘कासव’ हा विषय प्रकल्पासाठी फार मोठा आहे. जगात कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. काही आयुष्यभर समुद्रात राहतात, काही नदी-तलावात, काही कोरड्या जमिनीवर. इंग्रजीत समुद्रातल्या नि गोड्या पाण्यातल्या कासवाला टर्टल आणि जमिनीवरच्याला टॉरटॉइज म्हणतात. मराठीत आपल्याकडे सगळ्यांना एकच शब्द. त्यामुळे मराठीत शोधलं की समुद्री कासवाचं अंडी घालणं, जमिनीवरच्या कासवाचं वय आणि तलावातल्या कासवाचं खाणं एकाच परिच्छेदात येऊन बसतं. प्रत्येक वाक्य कुठल्यातरी कासवाबद्दल खरं असतं. सगळी मिळून एकाही कासवाबद्दल खरी नसतात.

म्हणून विषय असा घ्या: ‘आमच्या बोडीतलं कासव’. आपल्या भागात दिसणाऱ्या जातींपैकी तीन ओळखून ठेवा.

पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे चिखलातलं मऊ पाठीचं कासव. पाठ चामड्यासारखी, गुळगुळीत. उलटं पडलेलं असेल तर पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा दिसतात, मागचे पाय आत ओढले की त्या वर येऊन पाय झाकतात. धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात), बोडीत, छोट्या तलावात राहणारं ते हेच. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा.

दुसरं काळपट, कडक पाठीचं, पाठीवर लांबीच्या दिशेने तीन उंचवट्यांच्या रेघा असलेलं. त्याचं नाव मेलॅनोकेलिस ट्रायजुगा. ‘ट्रायजुगा’ हा शब्दच त्या तीन रेघांवरून आला आहे.

तिसरं मोठ्या नद्यांतलं आणि धरणांतलं मोठं मऊ पाठीचं कासव, नाक नळीसारखं पुढे आलेलं. निल्सोनिया लेथी. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. हे सहजी दिसत नाही. दिसलं तर तो प्रकल्पाचा मोठा दिवस समजा.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव गावात कुणाच्या घरी दिसलं, तर ते बोडीतून आलेलं नाही. ते पाण्यात राहतच नाही, आणि बहुतेक वेळा विकत आणलेलं असतं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवट कासव दिसलं, तर ते मूळचं अमेरिकेतलं, शोभेच्या माशांच्या दुकानात विकलं जाणारं. त्या मुलीच्या वहीत तेच होतं. इंटरनेटवर कासवाचं चित्र शोधलं की हे वारंवार पुढे येतं, आणि प्रकल्पातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच असते. चित्र चिकटवण्याआधी तो लाल पट्टा शोधाच.

शास्त्रीय नावाने शोधा

जात ठरली की पुढचा शोध शास्त्रीय नावाने करायचा. इंग्रजी अक्षरांत ते नाव अवतरणचिन्हांत टाका, मागे ‘महाराष्ट्र’ किंवा ‘वैनगंगा’ जोडा. जाहिरातींची आणि ‘कासवाबद्दल दहा आश्चर्यकारक गोष्टी’ छापाची पानं बरीचशी गळून जातात. मुलांना नाव अवघड वाटतं, पण फळ्यावर तीनदा लिहिलं की पाठ होतं. आमच्या शाळेतली तिसरीची पोरंसुद्धा आता ‘लिसेमिस’ म्हणतात.

नाव बदललेलं असू शकतं, हेही ध्यानात असू द्या. जुन्या पुस्तकात तिसऱ्या कासवाचं नाव ट्रायोनिक्स लेथी असं सापडेल, काही ठिकाणी अस्पिडेरेटेस लेथी. प्राणी एकच आहे. रेप्टाइल डेटाबेस नावाच्या संकेतस्थळावर एका जातीची सगळी जुनी-नवी नावं सालासकट एका जागी मिळतात. ती वहीत उतरवून घ्या, म्हणजे जुना मजकूर निसटत नाही.

कुठे वाचायचं

सुरुवात मराठीतून करा. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो आणि त्यात कासवाची नोंद आहे. विषयातल्या जाणकाराने लिहिलेली, संपादकांनी तपासलेली. शरीररचना, कवच, वर्गीकरण समजायला ती उत्तम. कवच म्हणजे कासवाचं घर नाही, त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्यात एकजीव झालेले असतात, त्यामुळे कासव कवचातून बाहेर येऊच शकत नाही. इतकी एक गोष्ट नीट समजली तरी चित्रकथेतली अर्धी चूक दुरुस्त होते. मात्र मूळ छापील खंड काही दशकांपूर्वीचे आहेत. ‘किती उरलीत’, ‘कायदा काय म्हणतो’ या प्रश्नांची उत्तरं तिथून घेऊ नका.

त्यासाठी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संस्थेच्या लाल यादीकडे जा. जात किती धोक्यात आहे हे ठरवणारी ही जगभरात मानली जाणारी यादी. इथे एक गंमत मुलांना जरूर दाखवा. आपलं चिखलातलं कासव २००० सालच्या मूल्यांकनात ‘कमी चिंता’ या गटात होतं. २०२१ मध्ये आलेल्या मूल्यांकनात ते ‘असुरक्षित’ गटात आहे. निल्सोनिया लेथी तर ‘असुरक्षित’वरून ‘अतिसंकटग्रस्त’ झालं, म्हणजे निसर्गातून नाहीसं होण्याच्या अगदी जवळ. आता कल्पना करा, दोन मुलांनी दोन वेगवेगळ्या पानांवरून माहिती घेतली आणि वर्गात भांडण लागलं. दोघंही खरंच सांगतायत, फक्त एकाची माहिती वीस वर्षं जुनी. म्हणून धोक्याचा गट लिहिताना शेजारी साल लिहायचंच.

त्याच संस्थेच्या कासव-तज्ज्ञगटाने एकेका जातीवर सविस्तर लेख प्रसिद्ध केले आहेत, तेही मोफत. इंग्रजी जड आहे. पण पहिल्या पानावरचा सारांश आणि नकाशा एवढं शिक्षकांनी मुलांसोबत बसून वाचलं तरी पुष्कळ. नकाशात आपला जिल्हा शोधताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून हे काम करते. तिच्या नियतकालिकाचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर पाहता येतात. कोइम्बतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा हेही पूर्ण मोफत आहे, त्यात भारतातल्या कासवांवर लेख येतात. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण या सरकारी संस्था. त्यांचे अहवाल शोधायचे तर शास्त्रीय नावापुढे संस्थेचं नाव टाका.

विकिपीडिया वाचू नका असं मी सांगत नाही. वाचा, पण तिथे थांबू नका. वाक्याच्या शेवटी छोटा आकडा असतो, त्यावर बोट ठेवा, तो जिथे नेईल ते पान उघडा. आकडाच नसेल तर ते वाक्य वहीत घ्यायचं नाही.

यूट्यूबवरचे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड यांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. बोलणारा कोण, कोणतं कासव, कुठलं पाणी, कोणता महिना हे सांगितलेलं नसेल तर ते प्रकल्पात घेऊ नये. मोबाईलमधल्या एआयला विचारायची आता सवय लागली आहे. अवघड इंग्रजी उतारा सोपा करून घ्यायला तो कामाचा आहे. पण त्याने एखाद्या लेखाचं नाव सांगितलं तर तो लेख खरोखर आहे का हे स्वतः शोधून पाहा. नसलेल्या लेखाचंही नाव तो आत्मविश्वासाने देतो.

नेटवर्क हा आपल्याकडचा खरा अडथळा. तालुक्याला जाल तेव्हा पीडीएफ उतरवून घ्या, पानाचा पत्ता आणि तारीख वहीत लिहा. नुसता स्क्रीनशॉट ठेवला तर महिन्याभराने तो कुठला होता हे कुणालाच आठवत नाही.

एक वाक्य तपासून पाहू

त्या मुलीच्या पहिल्या वाक्याकडे परत येऊ. ‘३०० वर्षे’ कुठून आलं असेल? आम्ही वर्गात दोन दिवस शोधलं. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं अल्डाब्रा जातीचं राक्षसी कासव होतं, ते २००६ साली गेलं. त्याचं वय अडीचशेच्या वर असल्याचं सांगतात, ते कधीकाळी ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेत होतं अशी कथा आहे. पण त्याच्या जन्माची नोंद कुणाकडे नाही. दुसरं उदाहरण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या राक्षसी कासवाचं. त्याला १८८२ साली सेशेल्सहून आणलं तेव्हा ते पूर्ण वाढलेलं होतं. एवढं वाढायला किमान ५० वर्षं लागतात, म्हणून जन्मसाल १८३२ धरलं.

मुलांना मी विचारलं, या दोन्हींत जास्त भरवशाचं काय? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “जोनाथनचं सर. काहून का त्याचा हिशोब दिसते.” मला त्या दिवशी शिकवल्याचं समाधान मिळालं. जोनाथनचं वयही अंदाजच आहे, पण अंदाज कसा बांधला ते आपल्यासमोर मांडलेलं आहे, आणि तो आपण तपासू शकतो.

मग त्या मुलीने वाक्य बदललं: ‘सेशेल्सकडच्या राक्षसी कासवांपैकी एकाचे वय अंदाजे १८३२ पासून मोजतात. आमच्या बोडीतल्या कासवाबद्दल हे लागू होत नाही.’ साधं वाक्य, पण पूर्ण तिचं.

आणखी एक वाक्य घ्या, कारण ते मोठ्या माणसांनाही चकवतं: ‘वाळू गरम असली की कासवाच्या पिल्लांत माद्या जास्त होतात.’ कोकणात वेळासला ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपतात, त्यांच्याबाबत हे खरं आहे. त्या जातीत नर की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. पण मऊ पाठीच्या कासवांच्या कुळात ते आपल्यासारखं गुणसूत्रांवर ठरतं. म्हणजे वेळासचं वाक्य उचलून बोडीच्या कासवाला चिकटवलं तर चूक. ते वाक्य वर्तमानपत्रात आलेलं असेल, शास्त्रज्ञाने सांगितलेलं असेल, तरीही चूक, कारण तो शास्त्रज्ञ दुसऱ्या कासवाबद्दल बोलत होता. भरवशाच्या माणसाचं वाक्यसुद्धा त्याच्या जागेवरून हललं की भरवशाचं राहत नाही. यासाठीच वहीत प्रत्येक वाक्याशेजारी पाच गोष्टी लिहायला लावतो: कुठे मिळालं, कोणी सांगितलं, कोणत्या साली, कोणत्या जातीबद्दल, आणि दुसरं कोण तेच म्हणतं. दुसऱ्याने पहिल्याचंच उतरवलं असेल तर तो दुसरा धरायचा नाही. दोन पानांवर शब्दन् शब्द सारखे असतील तर समजा, विहीर एकच आहे, बादल्या दोन.

गावात विचारताना

आपल्या भागातल्या मुलांकडे असं काही आहे जे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नाही. कासवांशेजारी आयुष्य घालवलेली माणसं. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले ज्येष्ठ, तलावाचं पाणी सोडणारे, रोवणीला बांधीत उतरणाऱ्या बाया, उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढणारे मजूर. कासव कोणत्या महिन्यात कुठे असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तलाव आटला की चिखलातलं कासव गाळात खोल जाऊन पडून राहतं आणि पावसाळा लागला की बाहेर येतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं. गाळ उपसताना कुदळीला काहीतरी लागलं आणि ते हललं, हे सांगणारी मावशी ती ओळ जिवंत करते.

पण विचारायची रीत सांभाळा. आधी सांगा की शाळेचं काम आहे. ‘तुम्ही कासव पकडता का, खाता का’ हे विचारायचं नाही. कायद्याची भीती असते, समोरचा माणूस अवघडतो, आणि पुढचं सगळं बोलणं बंद होतं. विचारा, “आजोबा, पहिलं कासव कोण्या नक्षत्रात दिसते?” “आधी दिसत होते तेवढे आता दिसतात का?” “तुमी सोता पायलं का आयकलं?” हा शेवटचा प्रश्न सोडू नका. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वहीत वेगवेगळ्या रंगाच्या शाईने लिहा. एकाच कट्ट्यावर बसलेल्या चौघांना एकत्र विचारलं तर चौघंही पहिल्याचंच म्हणणं मान्य करतात, तेव्हा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं विचारा. त्यांनी कासवाला, चिखलाला, झडपांना जे शब्द वापरले ते तसेच लिहून घ्या. शुद्ध करू नका. तो शब्द कदाचित कुठल्याच पुस्तकात नसेल.

पुराणातली आणि देवळातली कासवं हा वेगळा कप्पा. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, कूर्मावताराची कथा असते. ती वहीत जरूर घ्या, ‘लोकांच्या श्रद्धेत कासव’ असं प्रकरण करा. फक्त प्राणिशास्त्राच्या प्रकरणात ती मिसळू नका.

एका समजुतीबद्दल मात्र मी ठामपणे बोलतो. ‘वीस नखी कासव’ गुप्तधन दाखवतं म्हणे, आणि त्यापायी कासवं पकडली, विकली जातात, माणसं तुरुंगात जातात. मऊ पाठीच्या कासवांच्या कुळाचं शास्त्रीय नावच ‘तीन नखांचे’ या अर्थाचं आहे. प्रत्येक पायाला तीन नखं, चार पायांची मिळून १२. बोडीतल्या कासवाच्या चांगल्या फोटोतही ती मोजता येतात. एका मुलीने ही बेरीज प्रदर्शनाच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली होती, आणि गावातले तीन-चार जण बराच वेळ तिथे थांबून वाचत होते.

पाण्याकाठी

स्वतः पाहिल्याशिवाय प्रकल्प पुरा होत नाही. पण हात लावायचा नाही, पकडून बादलीत आणायचं तर अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आपलं चिखलातलं कासव आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या, आणि आधी चौथीत असलेलं तारा कासव पहिलीत आलं. जुन्या लेखातून अनुसूचीचा क्रमांक उचललात तर चुकाल. जखमी किंवा कुणी बांधून ठेवलेलं कासव दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक आहे.

सकाळी ऊन चढताना मोठ्या माणसासोबत काठापासून लांब बसा. हललं तर कासव पाण्यात जातं. तारीख, वेळ, ऊन की ढग, पाणी किती, कासव कुठे बसलं होतं, किती वेळ. दहा दिवसांत तीनदाच दिसलं तर तीनदाच लिहा. न दिसलेल्या दिवसांचीही नोंद करा, ती फुकट जात नाही. फोटो काढला तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर शिक्षकांच्या खात्यातून टाकता येतो, जाणकार ओळख पटवायला मदत करतात. अंड्यांची जागा किंवा बोडीचा नेमका ठिकाणा तक्त्यावर लिहू नका. प्रदर्शन सगळेच पाहतात, आणि सगळ्यांचे हेतू चांगले नसतात.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याजवळच्या मुलांना तर आणखी एक प्रकरण मिळतं. तिथल्या खडकांत डायनासोरच्या हाडांसोबत साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या कासवांचे जीवाश्म मिळाले आहेत, एका जातीच्या नावातच ‘पिसदुरेन्सिस’ आहे. शेतात दगड सापडला तर उचलून घरी आणू नका. जागेवर फोटो काढा आणि शिक्षकांना दाखवा.

लिहिताना

जे तपासलं ते सरळ लिहा. ज्याचा अंदाज आहे तिथे ‘अंदाजे’ लिहा. आजोबांनी सांगितलं तिथे ‘आमच्या गावातल्या एका ज्येष्ठ मच्छीमाराने सांगितले’ असं लिहा, नाव छापायचं असेल तर आधी विचारा. पुस्तक आणि आजोबा यांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, कुणाला खोटं पाडू नका. कदाचित ते दोन वेगळ्या जातींबद्दल बोलत असतील; आमच्याकडे दोनदा तसंच निघालं.

प्रकल्पाची एक प्रत शाळेत ठेवा आणि एक ग्रामपंचायतीत द्या. जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामसेवकांना ती दाखवायला सांगा, तुमच्या तलावातली कासवं त्यात आहेत का बघा. नसतील तर तुमच्या नोंदी, तारखा आणि गावातले शब्द यांची स्वच्छ नक्कल समितीच्या नावाने अर्जासोबत जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरलाच आहे, तिथेही एक प्रत पोस्टाने पाठवता येते.

ती मुलगी आता सातवीत आहे. तिच्या वहीचं पहिलं पान यंदा असं सुरू होतं: ‘मृग लागून चौथ्या दिवशी सकाळी आमच्या बोडीच्या पाळीवर एक कासव दिसले. पाठ मऊ, नखे तीन.’